सकाळी दहापर्यंतचं आकाश

माझ्या वहिनीचा कशावरच विश्वास नाही. दुकानातल्या तराजूवर नाही, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपवर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर तर मुळीच नाही. आमच्या हवामान केंद्रातल्या वायुभारमापकाला ती रोज सकाळी बोटाने दोन टिचक्या मारायची, झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाला मारतात तशा. एवढं करून काटा जागचा हलला नाही, तरच त्याचं म्हणणं वहीत लिहून घ्यायची.

ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या प्रगतिपुस्तकावरची दादाची सही खोटी आहे हे ओळखलं. घरात कुणाला सांगितलं नाही. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाची सही उजवीकडे झुकते. पुढच्या वेळी ध्यानात ठेवा." मी तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, तरी तेव्हापासून आजवर ती मला वन्सं आणि तुम्ही म्हणते, आणि मी तिला वहिनी आणि तू. कुणाला हे उलटं वाटतं, पण आमच्यात तेच सुलट झालंय.

मला केंद्रात चिकटवलं तेही तिनेच. गावाबाहेर एक छोटा विमानतळ आहे, दिवसाला चार विमानं येतात आणि चार जातात. त्याच्या कुंपणाला लागून आमची दुमजली इमारत. खाली साहेबांची खोली आणि नोंदींची खोली, मागे निरीक्षकासाठी तीन खोल्यांचं क्वार्टर, आणि बाहेरून गच्चीवर जाणारा लोखंडी गोल जिना. अडतीस पायऱ्या. सकाळी सहा ते दुपारी दोन वहिनीची पाळी, दोन ते दहा माझी. रात्रीचं बघायला तिसरा माणूस आहे, पण त्याचा या गोष्टीशी संबंध नाही, कारण ही गोष्ट ढगांची आहे आणि त्याला बिचाऱ्याला ते दिसतच नाहीत.

ढग मोजायची आमची पद्धत साधी आहे. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकलेत ते लिहायचं. सगळं निरभ्र असेल तर शून्य, सगळं भरलेलं असेल तर आठ. याला कुठलंही यंत्र नसायचं, फक्त माणूस. तापमान, वारा, पाऊस यांची उपकरणं खाली अंगणात, दोन मिनिटांचं काम. ढगांसाठी मात्र दर तासाला गच्चीवर जायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि जागेवर पूर्ण गोल फिरून बघायचं. वहिनीने मला हे शिकवलं तेव्हा खांद्याला धरून भोवऱ्यासारखं फिरवलं होतं. "समोर दिसतं तेवढंच आकाश नसतं, वन्सं. पाठीमागचंही आपल्यालाच लिहायचंय." पुढे तीन-चार वर्षं ती माझ्या नोंदी तपासायला अवेळी गच्चीवर टपकायची. माझा पाच तिला कधी पाच वाटायचा नाही. मी चिडायचे, ती हसायची, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं असायचं. हे मी तेव्हा कधी कबूल केलं नाही, आता करते.

तीन वर्षांपूर्वी दादाला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे गिळणं अवघड झालं. लाळ घशात अडकून ठसका लागायचा, आणि ठसका लागला की कुणीतरी त्याला ताबडतोब कुशीवर वळवावं लागायचं, नाहीतर श्वास कोंडायचा. वहिनीने त्याचा पलंग क्वार्टरच्या पूर्वेकडच्या खोलीत लावला, तिथे ऊन चांगलं येतं म्हणून. सांभाळायला एक बाई मिळाली. ती दहाला यायची. त्याच्या आधी येणारं माणूस खूप शोधूनही मिळालं नाही. दुपारी दोनला वहिनी मोकळी व्हायची आणि मग रात्रभर तीच.

"सकाळचं कसं गं जमवतेस?" मी एकदा विचारलं.

"जमतं," वहिनी म्हणाली.

मी बरं म्हणाले आणि माझ्या पाळीवर गेले. दादा असा एकोणीस महिने अंथरुणावर होता. मागच्या वर्षी गेला.

त्याच एकोणीस महिन्यांच्या सुरुवातीला मुख्य कार्यालयाने आमच्या गच्चीवर एक कॅमेरा बसवला. काचेच्या घुमटाखाली बसवलेला, वर तोंड केलेला, पूर्ण आकाश एका गोल फोटोत घेणारा. दर दहा मिनिटांनी तो एक फोटो काढायचा आणि कुठेतरी पाठवायचा. कशासाठी ते कुणी सांगितलं नाही. साहेबांनाही माहीत नव्हतं, पण ते माहीत असल्यासारखे मान हलवायचे. वहिनीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की कुठेतरी पाणी मुरतंय. "फुकट कुणी आकाशाचे फोटो काढत नाही."

दादा गेल्यानंतर पाच महिन्यांनी ते पाणी कुठे मुरत होतं ते कळलं. मुख्य कार्यालयातून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, अतिशय नम्र. खांद्याला संगणकाची बॅग आणि ओठांवर कायम "आपली हरकत नसेल तर". साहेबांनी त्यांना आपली गादीची खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, दर तासाला चहा सुरू केला. वहिनीने लगेच त्यांचं नाव जावईबापू ठेवलं, आणि दोन दिवसांत शिपायापासून सगळे पाठीमागे तेच म्हणायला लागले.

जावईबापूंनी नोंदींच्या खोलीत एक पडदा लावला. दर तासाला गच्चीवरच्या फोटोवरून त्यावर आकडा उमटणार: ढग आठपैकी किती.

"हे मोजतं कसं?" वहिनीने विचारलं.

"याला न्यूरल नेटवर्क म्हणतात, मॅडम. आम्ही त्याला नियम शिकवत नाही. हजारो फोटो दाखवतो, आणि त्या त्या वेळी माणसाने वहीत काय लिहिलं होतं ते सांगतो. बघून बघून ते आपलंआपण शिकतं."

"म्हणजे घोकंपट्टी."

"तसं म्हणा हवं तर."

"आणि माणूस कोण? कुणाच्या वह्या?"

"आपल्याच की," जावईबापू हसून म्हणाले. "दोघींच्या. कॅमेरा बसल्यापासूनच्या पहिल्या दीड वर्षाच्या नोंदी. या केंद्राच्या वह्या फार स्वच्छ आहेत असं वर सगळे म्हणतात."

दुसऱ्या कुणाला यात कौतुक वाटलं असतं. वहिनीच्या कपाळावर आठी पडली. "मला न विचारता?" ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने त्या पडद्यावर डूख धरला.

तसं कारणही होतं. साहेबांनी आम्हाला बसवून नीट सांगितलं होतं. सहा आठवडे यंत्राची परीक्षा. ते पास झालं तर ढगांसाठी माणूस लागणार नाही. माझी बदली होईल. वहिनीची निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेवढे तिला मुख्य कार्यालयात टेबलावर बसवतील, आणि निरीक्षकच उरला नाही म्हटल्यावर क्वार्टर लगेच खाली करावं लागेल. नापास झालं तर आठ महिने सगळं आहे तसं चालेल, आणि निवृत्तीनंतरही नवा माणूस येईपर्यंत तिला तिथे राहता येईल. त्या तीन खोल्यांत ती सव्वीस वर्षं राहिली होती. दादा तिथेच गेला होता. त्याचा पलंग तिने अजून हलवला नव्हता.

मग काय, वहिनी डोळ्यांत तेल घालून यंत्राच्या मागे लागली. पडद्यावर तिने एक फडकं टाकलं. आधी गच्चीवर जायचं, आपला आकडा वहीत लिहायचा, मगच फडकं उचलायचं. दोन्ही आकडे एका वेगळ्या निळ्या वहीत शेजारी शेजारी. आठवड्याभरात ती वही मला दाखवताना तिचा चेहरा जसा खुलला होता, तसा दादा गेल्यापासून मी पाहिला नव्हता.

"बघा. मंगळवारी सातला मी सहा लिहिले, हे म्हणतं एक. पश्चिमेकडे काळंभोर भरून आलेलं! आंधळं आहे मेलं."

"माझ्या वेळी तर बरोबर येतं," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. दुपारनंतर माझा आणि यंत्राचा आकडा क्वचितच वेगळा पडायचा, आणि पडला तरी एकाने.

हे मी बोलायला नको होतं. वहिनीने वही मिटली. माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती मला प्रगतिपुस्तकापासून ओळखीची आहे.

"खरं सांगा, वन्सं. फडकं आधी उचलता ना?"

मला असा संताप आला की हातातली किल्ली मी टेबलावर आदळली. "एकदा खोटी सही केली म्हणून जन्मभर चोर का मी? तुझं चुकतंय म्हणून माझंही चुकायलाच हवं? तूच म्हातारी झालीस, तुझ्या डोळ्यांना चष्मा लागलाय!"

चष्म्याचं तिच्या फार जिव्हारी लागलं. ती दुसऱ्याच दिवशी डोळे तपासून आली आणि डॉक्टरने दिलेला कागद, दोन्ही डोळे उत्तम, माझ्या टेबलावर काचेखाली ठेवून गेली. मग आठवडाभर आमचं बोलणं बंद. दोनला पाळी बदलताना ती चिठ्ठी ठेवायची, 'वारा वाढतोय', 'पर्जन्यमापक धुतलाय', आणि मी तिच्यासमोर ती मोठ्याने वाचायचे.

अबोला धरला तरी तिचा तपास चालूच होता. आधी तिला वाटलं, काचेवर दव पडतं. म्हणून पहाटे साडेपाचला वर जाऊन घुमट पुसायला लागली. यंत्र तरी चुकलंच. मग कोळ्याचं जाळं शोधलं, मग कबुतरांवर संशय घेतला, मग उगवत्या सूर्याने कॅमेरा दिपतो असं ठरवलं आणि ढगाळ सकाळची वाट पाहिली. ढगाळ सकाळीही चुकलं. मग तिला वाटायला लागलं, जावईबापू मुख्य कार्यालयात बसून कुणाला तरी हाताने आकडे भरायला लावतात, आणि तो माणूस सकाळी उशिरा उठतो. हे तिने साहेबांना खरोखर सांगितलं. साहेबांनी हात टेकले.

पाचव्या आठवड्यात एके दुपारी तिने स्वतःहून दोन कप चहा आणला आणि निळी वही माझ्यापुढे उघडली. हा तिचा समेट. माफी वगैरे आमच्याकडे कुणी मागत नाही.

"एक गोष्ट सापडलीये," ती म्हणाली. आवाज खाली आणला, जसं काही पडद्याला ऐकू जाणार होतं. "हे सकाळभर चुकत नाही. सहाला चुकतं, सातला, आठला, नऊला चुकतं. दहाला एकदम शहाणं होतं. दहा, अकरा, बारा, सगळं बरोबर. रोज! रोज दहालाच! दहाला असं काय होतं हो, वन्सं?"

मी कप तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला.

दहाला बाई यायची.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली असं म्हणायला हवं, पण ती शंका नव्हती. मला सगळं त्याच क्षणी कळलं. दादाला पाच मिनिटंसुद्धा एकटं सोडायची सोय नव्हती. वर जायचं तर अडतीस पायऱ्या, पाच मिनिटं गच्ची, अडतीस पायऱ्या. दर तासाला. सहा ते दहा ती वर जाऊच शकत नव्हती. ती त्याच्या पलंगाशेजारच्या खिडकीतून जे दिसेल ते लिहीत होती. आणि यंत्र दीड वर्षाचे फोटो बघून तेच शिकलं होतं: सकाळ असेल तर पूर्वेकडचं तेवढं आकाश बघायचं, बाकी सोडून द्यायचं. आता ती पुन्हा वर जात होती, पूर्ण आकाश बघत होती, आणि तिचं स्वतःचं जुनं लिहिणं तिला खोटं ठरवत होतं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती. जगातल्या प्रत्येक काट्यावर संशय घेणाऱ्या बाईला स्वतःच्या वहीचा संशय आलाच नव्हता.

"काय माहीत," मी म्हणाले. "गाड्यांचा धूर असेल."

"दहाला कसला धूर?" म्हणून तिने ते खोडून काढलं आणि उरलेला चहा प्यायली.

सांगायला मला दहा दिवस होते. तीनदा तोंडापर्यंत आलं. नाही सांगितलं. कारण ती खिडकी कुठून आली हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं. माझी पाळी दोनला सुरू व्हायची. माझ्या सकाळी मोकळ्या होत्या. बसने वीस मिनिटं. त्या दीड वर्षात मी सकाळी काय करत होते? कुंड्यांना पाणी घालत होते, वर्तमानपत्र मागून पुढे आणि पुढून मागे वाचत होते. दादाला तसं पडलेलं मला बघवत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि सगळे म्हणायचे, साहजिक आहे. "जमतं" असं वहिनी म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. कसं जमतं हे विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. ते मला नको होतं.

निकालाची बैठक साहेबांच्या खोलीत सकाळी अकराला होती. साहेब, जावईबापू, आम्ही दोघी, आणि चहा देऊन दाराशीच रेंगाळणारा शिपाई. वहिनी निळी वही छातीशी धरून बसली होती. तिने शंभराच्या वर चुका काढल्या होत्या आणि प्रत्येक चुकीची वेळ तिला पाठ होती. तिने त्या धडाधड वाचून दाखवल्या. साहेबांचा चेहरा बदलत गेला. जावईबापूंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

"मॅडमचं म्हणणं बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "सकाळच्या चुका आम्हालाही दिसल्या. का चुकतंय ते शोधायला आम्ही एक चित्र काढलं. आकडा ठरवताना यंत्र फोटोच्या कुठल्या भागाकडे बघतं, ते यात रंगाने दिसतं. जिथे लाल, तिथे बघतंय. आपली हरकत नसेल तर दाखवतो."

त्यांनी भिंतीवर दोन गोल उमटवले. आकाश खालून बघितल्यासारखं असल्यामुळे पूर्व डावीकडे. उजवा गोल दुपारचा होता, सगळीकडे सारखा तांबूस. डावा सकाळी सहा ते दहाचा. तो जवळजवळ सगळा काळा होता. फक्त डाव्या काठाशी एक लाल तुकडा, भाकरीचा कुणी काठाने लचका तोडावा तेवढा. वरची कड आडवी कापलेली, आणि एका बाजूला सरळ उभी रेघ.

"हे काय नवीन?" साहेब हसले. "एका डोळ्याने बघतंय की काय?"

"तेच कळत नाही," जावईबापू म्हणाले. "आकाशाला अशा सरळ कडा नसतात. आम्हाला वाटतं, कॅमेऱ्याच्या जोडणीत दोष असावा."

मी भिंतीकडे बघत नव्हते, वहिनीकडे बघत होते. आधी ती पुढे वाकली. मग तिने चष्मा नसलेल्या डोळ्यांवरून हात फिरवला. आडवी कड छज्ज्याची होती. उभी रेघ समोरच्या गोदामाच्या भिंतीची. ती खिडकी तिने पाचशे सकाळी पाहिली होती, तिला ओळखायला वेळ लागला नाही. तिच्या हातातली वही हळूहळू मांडीवर आली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "दोष असला काय नि नसला काय, निर्णय सरळ आहे. वहिनीबाईंच्या तीस वर्षांच्या नोंदींसमोर हे यंत्र टिकत नाही. नापास. मी तसं लिहितो. तुम्ही राहा क्वार्टरमध्ये निवांत."

तिला फक्त गप्प बसायचं होतं. मूग गिळून पाच मिनिटं. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, वहिनी, बोलू नकोस, नको बोलूस. आणि हे मी तिच्यासाठी म्हणत होते की माझ्यासाठी, ते मला तेव्हाही माहीत होतं.

"लिहू नका, साहेब," वहिनी म्हणाली.

"का?"

"यंत्र बरोबर शिकलंय. चूक शिकवण्यात आहे." ती उठून भिंतीपाशी गेली आणि त्या लाल तुकड्यावर तिने बोट ठेवलं. "ही माझी खिडकी आहे. ह्यांच्या खोलीतली. ह्यांना सोडून वर जाता येत नव्हतं, तेव्हा मी इथून बघून लिहीत होते. मला वाटायचं, एवढी वर्षं आकाश बघितलंय, पूर्वेवरून पश्चिमेचं कळतं. कळत नव्हतं. नऊचं विमान पश्चिमेकडून येतं. दीड वर्षात त्याला काही झालं नाही ते त्याचं नशीब. माझी हुशारी नाही."

शिपायाने कपबशा आवाज न करता उचलल्या. साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. माणूस वाईट नव्हता. "बाई," ते म्हणाले, "हे इथल्या इथे राहू शकतं."

"नाही राहू शकत. ह्याच नोंदी घोकून हे यंत्र बाहेर जाईल. मी लिहून देते. चौकशी करा, काय करायचं ते करा. क्वार्टर मी खाली करते. पण त्या सकाळच्या नोंदी आधी काढून टाका."

तिचा आवाज एकदाच हलला, क्वार्टरच्या शब्दाला. मला रडू आलं. मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

जावईबापूंनी संगणकावर यादी उघडली. दीड वर्षाच्या सकाळी, सहा ते दहा, तारीखवार. "सुट्टीच्या दिवशी बदलीवाले होते, त्यांच्या ठेवतो," ते म्हणाले. "आपल्या पाळीच्या सगळ्या काढू ना, मॅडम?"

"सगळ्या नको," वहिनी म्हणाली. "चार खऱ्या आहेत."

तिने वही उघडली नाही. "चौदा एप्रिल. सहाला तीन होते, नऊपर्यंत सात झाले. सव्वीस जून, सगळा दिवस आठ. नऊ सप्टेंबर, पश्चिमेला पातळ पिंजलेले, फक्त दोन. आणि तीन डिसेंबर, निरभ्र. इतकं स्वच्छ होतं की मी जरा जास्तच वेळ थांबले वर."

"चारच?" साहेबांनी विचारलं. "याच दिवशी कशा काय वर गेलात?"

"ह्यांच्यापाशी बसायला कुणीतरी होतं," वहिनी म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, यादीकडे बघत होती, एखादी तारीख चुकू नये म्हणून. "वन्सं आल्या होत्या."

चौदा एप्रिल मला आठवत होता, माझ्या मुलीची परीक्षा संपली होती. सव्वीस जूनला मी तिची छत्री परत द्यायला गेले होते. नऊ सप्टेंबर अंधूक आठवला. तीन डिसेंबर मला काही केल्या आठवेना.

जावईबापूंनी चार तारखांवर खूण केली आणि बाकीच्या सकाळी एका फटक्यात पुसून टाकल्या. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या मनात काहीही वाकडं नव्हतं, ते खरंच मनापासून बोलले.

"तुमची खूप मदत झाली, मॅडम," ते म्हणाले. "या चार तुमच्यामुळे वाचल्या."